नकार मोजणारे आप्पा

कुठलंही नवं जर्नल हातात आलं की आप्पा ते वाचायच्या आधी त्याचे दात बघत. म्हणजे मुखपृष्ठाकडे ढुंकूनही न पाहता थेट संपादकांच्या यादीवर बोट ठेवत, मग पत्ता, मग लेख कधी आला नि कधी स्वीकारला त्या तारखा. "लोकर बघून मेंढरू घेत्यात ती येडी. आधी जबडा उघडायचा," म्हणत. आमच्या विश्रामबागच्या कॉलेजात ते ग्रंथपाल होते. मूळचे आटपाडीचे, मेंढपाळांच्या घरातले. दोन्ही पदव्या मेंढरांमागं फिरत मिळवल्या असं ते सांगत, त्यातलं निम्मं तरी खरं असावं.

जबडा बघून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला. "ह्ये कुनाला न्हाई म्हनतं का?" जे कुणालाच नकार देत नाही त्याच्या होकाराला काय चाटायचंय, असा त्यांचा रोख. प्राध्यापक मंडळी त्यांना चुकवत. एका सरांचे लेख महिन्याच्या महिन्याला छापून येऊ लागले, तेव्हा आप्पांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं, "सर, लेख लिव्हताय का अंडी घालताय?" ते सर पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढले नाहीत.

माझा विषय उसाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आमच्या भागातल्या एका कारखान्यात कुणाचा ऊस कधी तोडायचा हे आता संगणक ठरवू लागला होता. तो चुकला आणि उभा ऊस वाळला तर जाब कुणाला विचारायचा, त्यासाठी नियम कसे हवेत, यावर मी पीएच.डी. करत होते. आष्ट्याला आमचाही ऊस होता, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. जूनमध्ये कॉलेजात नेमणुकीची मुलाखत होती आणि तोवर एक लेख छापून यायलाच हवा होता. माझ्या गाइडनी परदेशी नावाचं एक जर्नल सुचवलं. "तिथं लवकर होतं," म्हणाले. झालंही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'अत्यंत अभ्यासपूर्ण आणि कालोचित लेखन'. वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले.

एक डबा मी आप्पांकडे नेला. त्यांनी पेढा उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबले.

"कितींदा न्हाई म्हनाले?"

"एकदाही नाही!" मी ऐटीत म्हणाले.

पेढा परत डब्यात गेला. "मग ऱ्हाऊ दे. आठ दिस थांब."

मी फणकारून निघून आले. त्या आठ दिवसांत या माणसाने काय केलं असेल? मेंढरं राखायचे सगळे नियम लिहून काढले, जिथं जिथं मेंढरू होतं तिथं कृत्रिम बुद्धिमत्ता घातली, संगणकाकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि त्याच जर्नलला पाठवून दिलं. 'कृत्रिम बुद्धिमत्ता वर्षातून दोनदा कातरावी. पावसाळ्यात तिचे खूर तपासावेत. ती दुसऱ्याच्या रानात शिरली तर भरपाई मालकानं द्यावी, तिच्यावर ढकलू नये.' तिसऱ्या दिवशी उत्तर हजर. 'अत्यंत अभ्यासपूर्ण आणि कालोचित लेखन'. आठव्या दिवशी आप्पांनी ग्रंथालयात बोलावून ते माझ्यापुढं ठेवलं, माझ्या पत्रातलं अक्षरही बदललेलं नव्हतं.

मी आधी पोट धरून हसले आणि मग तिथंच टेबलावर डोकं टेकून रडले. आप्पांनी दोन्ही होऊ दिलं.

"काढून घे लेख," ते म्हणाले.

"आणि मुलाखत?"

"जाईल. पर उद्या तुजा बा ह्यो लेख घिऊन कारखान्यात भांडाय गेला, तर तितला सायेब पयला जबडाच बघंल. मग?"

त्याच संध्याकाळी मी लेख काढून घेतला. गाइड महिनाभर बोलले नाहीत, मुलाखत हुकली, ती जागा दुसऱ्याला मिळाली. गल्लीतली माणसं भेटली की "पेढं परत देऊ का गं?" म्हणून विचारायची. मला आप्पांचा मनापासून राग आला होता, तो इथं लपवत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून तीन खडूस जर्नलं निवडली. पहिल्याने नकार दिला. दुसऱ्यानेही दिला, पण सोबत आक्षेपांची चार पानं जोडली. एव्हाना आप्पा निवृत्त होऊन आटपाडीला गेले होते. फोनवर ओरडले, "न्हाई म्हनाले? लय झ्याक! वाच, काय काय म्हनाले." शेवटचा आक्षेप होता, तुमच्या नियमांत चुकीचा धनी कोण ते कुठंच दिसत नाही. तो वाचताना मला ती रानात शिरलेली मेंढरं आठवली. लेखाचा शेवटचा भाग मी 'भरपाई मालकानं द्यावी' या आप्पांच्या एका वाक्यावर उभा केला आणि खाली आप्पांचं नाव घालून आभार मानले.

तिसऱ्या जर्नलने लेख घेतला. तोवर दीड वर्ष उलटलं होतं, आणि आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

पेढे घेऊन मी आटपाडीला गेले. आप्पांच्या पत्नी, काकी, दारातच होत्या. मी डबा पुढं केला, पण त्यांनी हात पुढं केला नाही.

"ह्यांनी जाताना बजावलंय, आधी इचारल्याबिगर घिऊ नगं," त्या पदर सावरत म्हणाल्या. "कितींदा न्हाई म्हनाले?"

"दोनदा, काकी."

"मग आन. फोटोफुडं ठिऊ."