तार लोंबत होती तिथवर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच मेहकरच्या घरी पोचले होते. "ताई, यांच्या छातीत दुखून राह्यलं. जानेफळहून गाडी निघाली, तुम्ही दवाखान्यात या," एवढंच ती बोलली. मेहकरच्या डॉक्टरांनी दादाला तपासलं आणि लगेच बुलढाण्याला न्यायला सांगितलं. मी ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी बसले. बुलढाणा काही आलं नाही... चिखलीच्या अलीकडेच माझा भाऊ गेला. त्या रस्त्यावर काय झालं ते सांगणार आहे, पण आधी दादा कोण होता ते सांगायला हवं. नाहीतर वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं तेवढाच तो लोकांच्या लक्षात राहील.

रामेश्वर आम्हा भावंडांत सर्वांत मोठा. बारावी झाल्यावर हवाई दलात भरती झाला. तो ऑफिसात कागद हलवत असेल असं गावाला बरीच वर्षं वाटायचं, कारण सुट्टीवर आला की तो नोकरीचं काही बोलायचाच नाही. वांग्याच्या वावरात जायचा, मिरच्या तोडायला बायांच्या बरोबरीनं बसायचा, आणि परत जायचा. खरं तर तो हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसणारा माणूस होता. लढाईत जखमी होऊन अडकलेले जवान जिथं असतील तिथं हे हेलिकॉप्टर जायचं, उतरायला जागा नसायची, मग दादा दारातून तार खाली सोडायचा. पायलटला खालचं दिसत नाही. थोडं पुढे, थोडं डावीकडे, थांबा, असं दारातला माणूस सांगेल तसं तो यंत्र तरंगत ठेवतो. तारेला अडकलेला जीव वर येईपर्यंत सगळ्यांचे प्राण त्या एका माणसाच्या आवाजावर. हे सगळं मला कळलं ते तो निवृत्त होऊन जानेफळला राहायला आला त्यानंतर, आणि तेही टीव्हीवाल्यांमुळे.

एक गोष्ट मात्र आम्हाला आधीपासून ठाऊक होती. दर दिवाळीला दादा धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या एका लहानशा गावी जायचा. तिथं गोकर्णामाय राहायची. तिचा एकुलता एक मुलगा संतोष पायदळात होता आणि डोंगरावरच्या चकमकीत गेला होता. एवढ्या मोठ्या फौजेत तो आपल्याच जिल्ह्यातला निघावा... दादा त्याच्या शेवटच्या वेळी जवळपास होता, एवढंच आम्ही ऐकून होतो. माय दादाला पोटच्या पोरासारखं मानायची. कुरडया पाठवायची, दर आठवड्याला फोन करायची, "रामेसर, जेवला का रे?" म्हणून विचारायची. पहिल्यांदा तिला भेटायला गेला तेव्हा दादानं तिला सांगितलं होतं, की संतोष जागीच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर ती म्हातारी इतकी वर्षं जगत आली होती.

गेल्या वर्षी एका वाहिनीची माणसं माहितीपट करायला आली. युद्धात सुटका करणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पथकांवर तो होता. निवृत्त झालेल्या माणसांना शोधत शोधत ती मंडळी आमच्या घरापर्यंत पोचली. दिग्दर्शिका तरुण होती, नम्र होती. ओसरीत दिवे लावले, दादाच्या सदऱ्याला छोटा माइक लावला. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच दाराशी थांबले. आधी तो तुटक तुटक बोलत होता. मग त्या मुलीनं विचारलं, कुणाला सोडून यावं लागलं का? दादानं सदऱ्यावरचा माइक एकदा चाचपला... आणि सांगायला लागला.

खाली कपारीत दोघं जखमी होते. पहिल्याला त्यानं वर घेतलं. दुसऱ्यासाठी तार पुन्हा सोडली, ती जमिनीच्या जवळ पोचलीही, आणि समोरच्या कड्यावरून गोळीबार सुरू झाला. गोळ्या यंत्राला लागल्या, आत तेल उडालं. पायलटनं निघायचा हुकूम दिला. आत चार माणसांचा जीव होता, हुकूम बरोबरच होता, असं दादा दोनदा म्हणाला. खाली संतोष बसलेला होता, शुद्धीत होता. त्यानं हात वर केला. दादानं तार गुंडाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा तो मेलेला होता, पण जिथं सोडला होता तिथं नव्हता. "तार लोंबत होती तिथवर तो सरकत आला होता," दादा म्हणाला, "दगडावर सारं रक्त होतं... आम्ही गेल्यावर सरकला तो." आत चुलीपाशी वहिनीचं लाटणं थांबलं होतं. कॅमेऱ्यामागच्या पोरानं डोळे पुसले. इतक्या वर्षांत दादा हे पहिल्यांदा बोलत होता, आणि बोलून झाल्यावर त्याचा चेहरा एखाद्या थकलेल्या माणसाला झोप लागावी तसा सैल पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा मला फोन. "शोभा, माय टीव्ही पाहते ना," एवढंच म्हणाला.

त्यानंतर कित्येक महिने हेच चाललं. दादानं दिग्दर्शिकेला फोन केले, तो भाग काढून टाका म्हणून विनवण्या केल्या. तिला वाईट वाटत होतं, पण ती म्हणाली की माहितीपट सगळा त्या भागावरच उभा आहे, पायलटसाहेबांनीही तीच हकिगत सांगितली आहे, आणि काम आता तिच्या हातात राहिलेलं नाही. फार तर जवानाचं नाव काढता येईल. "नाव काढल्यानं काय होते? मायले नाही कळत का?" दादा मला म्हणाला. तो जेवेनासा झाला. वावरात जाऊन नुसता बांधावर बसायचा. लग्नकार्य, सणवार, कुठंच जाईना. शेवटी कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली तेव्हा त्यानं ठरवलं, की मायला हे टीव्हीनं सांगायच्या आत आपण सांगायचं. मला सोबत घेतलं.

मायनं आम्हाला पाहून आनंदानं पाट मांडले. दादा पाटावर बसला नाही, तिच्यासमोर जमिनीवर बसला. खोटं बोललो, माय, असं म्हणून त्यानं सुरुवात केली. गोळीबाराचं सांगितलं, हुकमाचं सांगितलं, संतोष शुद्धीत होता हे सांगितलं, हात वर केला हे सांगितलं. माय रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, ऐकत राहिली. मग तिनं विचारलं,

"त्यानं हात केला, तो 'या' म्हनून का 'जा' म्हनून?"

दादाला तेव्हा 'जा म्हणून' असं सहज सांगता आलं असतं. मला वाटलं, सांग रे, सांगून टाक... तो मान खाली घालून म्हणाला, "मले नाही समजलं, माय. अजूनबी नाही समजलं."

"मंग?"

"मंग आम्ही गेलो."

त्यापुढचं त्याच्यानं बोलवलं नाही. तार लोंबत होती तिथवर पोरगा सरकत आला, हे त्या माउलीच्या तोंडावर त्याला सांगता आलं नाही. निघताना तो तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. माय, तो कार्यक्रम पाहू नको, एवढं तो म्हणाला. तिनं पाट उचलून भिंतीला लावले.

कार्यक्रम लागला. जानेफळला चौकात फलक लागला, दादाचा वर्दीतला फोटो, खाली 'गावाचा अभिमान'. हारतुरे घेऊन माणसं घरी आली, शाळेतली पोरं आली. दादानं सगळ्यांचे नारळ घेतले, सगळ्यांना चहा पाजला, आणि दर थोड्या वेळानं फोन हातात घेऊन पाहत राहिला. तिकडच्या गावात लोकांनी मायला बोलावून, मानाच्या जागी बसवून तो कार्यक्रम दाखवला, हे आम्हाला नंतर समजलं. त्या आठवड्यात मायचा फोन आला नाही. पुढच्याही नाही. दादानं लावला तर नुसती घंटी वाजायची. तो एकटाच भेटायला गेला, तर दाराला आतून कडी होती. शेजारीण म्हणाली, आतच आहेत, पण उघडत नाहीत. तो बराच वेळ बाहेर उभा राहिला आणि एस.टी.नं परत येताना मेहकरला माझ्याकडे उतरला. "तिचं बरोबर आहे, शोभा," इतकंच मला म्हणाला. ती आमची शेवटची धड भेट.

आणि मग तो रस्ता. लोक म्हणतात, भाग्यवान माणूस, पटकन सुटला. नाही, पटकन नाही सुटला. मेहकर सोडल्यापासून तो शुद्धीत होता. श्वास मिळत नव्हता, मास्क ओढून काढत होता, ओठ निळे पडत चालले होते. त्यानं माझं मनगट असं धरलं होतं, की पुढे कितीतरी दिवस तिथं वळ होते. मध्येच तो मास्कच्या आतून काहीतरी म्हणाला. मी कान लावला. "पुढं... अजून पुढं..." असं तो म्हणत होता. गाडीच्या चालकाला म्हणत होता, की त्या पायलटला, मला सांगता येत नाही. मग डोळे माझ्याकडे वळले, ते घाबरलेले होते. माझा दादा घाबरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तसाच तो गेला.

तेरवी झाल्यावर त्याच्या फोनवरून मी मायला फोन लावला. उचलेल अशी आशा नव्हती, पण तिनं उचलला. मी नाव सांगितलं, दादा गेल्याचं सांगितलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिनं विचारलं,

"तरास तं नाही झाला न त्याले?"

"नाही माय," मी म्हणाले, "एका क्षणात गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."



"हाव..." ती म्हणाली, "असंच सांगतात." आणि तिनं फोन ठेवला.

परवा मी जानेफळला जाऊन आले. दादाला खुर्चीत बसायची सवय नव्हती. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, चौकटीला खांदा टेकवून, एक पाय बाहेर सोडून तो बसायचा, सकाळचा चहाही तिथंच घ्यायचा. चौकटीचा तेवढा भाग त्याच्या खांद्यानं गुळगुळीत झाला आहे. वहिनी हातात परात घेऊन बाहेर निघाली तेव्हा उजवीकडून, अंग चोरून गेली. तिच्यामागून मीही तशीच गेले. डावीकडची जागा रिकामी होती, पण तिथं पाय ठेवायचं आमच्या दोघींच्याही मनात आलं नाही.