मंदाताईची सपाट रेघ

मंदा कोकरे दिसेल त्या वस्तूला चुंबक लावून बघायची. पर्समध्ये बटणाएवढं चुंबक असायचंच. माझा डबा, शहागंजातल्या दुकानदाराचा तराजू, एकदा तर आमच्या सरांचा चष्मा. चिकटलं की खुदकन हसायची. नाही चिकटलं तर जास्तच.

छत्रपती संभाजीनगरात आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. मंदाताई मेंढपाळाघरची, माझ्याहून मोठी. सिरॅमिकच्या पांढऱ्या पुडीत केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या मिसळायच्या, वडी करून भट्टीत भाजायची आणि ती चुंबकापुढे कशी वागते ते मोजायचं, हे तिचं काम. नुसती पूड चुंबकाला दाद देत नाही. हिच्या वडीनं दिली. आलेखावर चुंबकत्वाची खूण म्हणून छान गुबगुबीत वेटोळं उमटलं. सर हरखले, शोधनिबंध लिहायला घे म्हणाले.

मंदाताई मात्र जेवता जेवता थांबली. "नळ्या बनवताना लोखंड वापरतेत," ती म्हणाली. "ते आत राहिलं असंल तर? मंग ही सगळी करामत त्याचीच की."

ते लोखंड घालवायला नळ्या आम्लात धुवायच्या, मग पाण्यानं खळखळून. पण ते दुष्काळाचं साल. प्रयोगशाळेचे नळ कोरडे. गारखेड्यात तिच्या खोलीपुढे टँकर यायचा. त्यातली कळशी रिक्षात मांडीवर धरून ती आणायची आणि ते पाणी उकळून, वाफ धरून शुद्ध करायची. पहारेकऱ्यानं विचारलं तर नळ्यांची आंघोळ आहे म्हणून सांगायची. हाती आलेलं घालवू नकोस, म्हणून सर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "सर, खोटं निघायचं असंल तर आपल्याच हातानं निघू द्या."

निघालं. नव्या वडीचं वेटोळं गायब. जवळजवळ सपाट रेघ. मला रडू फुटणार, तेवढ्यात ही फरशीवर बसून हसायला लागली. लोखंड गेलं, लोखंड गेलं, म्हणत डोळे पुसू लागली. मग मलाही आवरेना. सर दार आपटून गेले.

आता ती बिडकीनच्या एका कारखान्यात आहे. मला आठवते ती तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा; प्रबंधात तिनं तीच सपाट रेघ मांडली होती. पडद्यावर ती रेघ आली आणि मागच्या रांगेतून तिच्या वडिलांनी, लेकीचं काम फत्ते झालं समजून, दणकून टाळ्या वाजवल्या. सगळे वळून बघू लागले. मंदाताईनं हातातले कागद काखेत धरले आणि स्वतःही टाळ्या वाजवू लागली. मग परीक्षक, मग मी. शेवटी सरांनी वाजवल्या, आणि त्या बराच वेळ थांबवल्या नाहीत.