नकाशात न काढलेली खाट

माझी थोरली बहीण काशम्मा, म्हणजे आमची काशक्का, सातवीपर्यंत शिकली होती. मी पुण्याला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होतो. तरी आम्हा दोघांत नकाशा जास्त कुणाला कळायचा, असं विचाराल तर मी विषय बदलेन.

लग्नानंतर दीड वर्षात तिचा नवरा गेला आणि ती अक्कलकोटहून सोलापूरला, बाळीवेशीतल्या आमच्या भाड्याच्या घरात परत आली. अप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान, आईचे, म्हणजे अव्वाचे, गुडघे धरलेले, धाकटा तिप्पण्णा शाळेत. घर काशक्काच चालवायची. सुट्टीत मी कागदांच्या गुंडाळ्या घेऊन आलो की भाकऱ्या आटोपून माझ्या ड्रॉइंगबोर्डाशी येऊन बसायची. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की मी चरफडायचो. ती अर्धं ब्लेड घेऊन तेवढीच रेघ अलगद खरवडायची, कागदाला ओरखडा नाही. भिंतींतल्या तिरक्या रेघा भरायचं काम तर मी तिच्यावर सोपवूनच टाकलं होतं. रेघा भरता भरता ती चुका काढायची. एकदा म्हणाली, ही पश्चिमेची खिडकी हलव, चैत्रात तिथं बसणार कोण? मी हलवली. सरांनी वर्गात त्या खिडकीचं कौतुक केलं आणि मी ते गुमान स्वतःच्या नावावर घेतलं.

शहाहत्तरच्या उन्हाळ्यात अप्पांनी होटगी रस्त्यावर घेतलेल्या जागेत बांधायचं ठरलं. कॉलेजनंही सुट्टीसाठी नेमका ‘स्वतःच्या कुटुंबाचं घर’ हाच विषय दिला होता. जागा मोजताना टेपचं दुसरं टोक काशक्कानं धरलं, भर उन्हात, पदर डोक्यावर ओढून.

त्याच दिवसांत तिला वैरागहून स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, पदरात दोन लेकरं. काशक्कानं दोनदा नाही म्हटलं. हितं मला काय कमी हाय, असं ती म्हणाली आणि अप्पांनीही जोर केला नाही.

नकाशा पुरा झाला तसा मी तो सतरंजीवर पसरला. आमचे सर सांगायचे, प्रत्येक माणसाची झोपायची जागा काढल्याशिवाय घराचा नकाशा पुरा होत नाही. मी बोट ठेवून दाखवू लागलो. हा अप्पांचा पलंग, ही अव्वाची खाट, ही माझी, ही तिप्पण्णाची आणि ही पाहुण्यांची खोली. अप्पा खूश झाले. काशक्का वाकून बघत होती. तिचं बोट सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून आलं.

“पाव्हण्यास्नी बी दोन खाटा काढल्यास की,” ती म्हणाली.

मला तेव्हाही कळलं नाही. पुढं जे बोललो ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. म्हणालो, “तुझं काय अक्का, तुझं अंथरूण स्वैपाकघरात मावतं की.” अप्पा हसले. तीही थोडी हसली. कागदाला चुणी पडू नये म्हणून तिनंच तो नीट गुंडाळून ठेवला.

आठवड्याभरात तिनं वैरागला होकार कळवायला सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना बरंच वाटलं, मलाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. सरांनी नकाशा बघून विचारलं, घरात माणसं किती? मी म्हणालो, पाच. त्यांनी पाहुण्यांच्या दोन सोडून पेन्सिलीच्या टोकानं खाटा मोजल्या, चार भरल्या. पाचवं माणूस कोण? बहीण, मी म्हणालो. मग ती कुठं राहते, त्यांनी विचारलं. विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मी विसरलो नव्हतो. जी घर चालवते तिलाही घरात जागा लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाहुण्यांची खोली तिची केली, पूर्वेला खिडकी दिली, भिंतीत कपाट दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाडीनं सोलापूर गाठलं. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काशक्का शेंगा भाजत होती. हात पुसून तिनं कागद बराच वेळ पाहिला आणि खोली चांगली झाली म्हणाली. मी म्हणालो, लग्न मोडू, अप्पांशी मी बोलतो.

“न्हाय गुरू,” ती म्हणाली. “तितं त्या लेकरांस्नी सांगितलंय, आई येणार म्हणून. आता न्हाय कसं म्हणू?”

लग्न झालं. बांधकाम निघालं तेव्हा अप्पा म्हणाले, सासरी गेलेल्या पोरीला खोली कशाला? मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. घर पहिल्याच नकाशाप्रमाणे उभं राहिलं.

पुढच्या वर्षी घरभरणीला काशक्का दोन्ही लेकरांना घेऊन एस.टी.नं आली. लेकरांना अप्पांच्या पाया पडायला लावलं. मग ओसरीवर उभी राहून तिनं विचारलं, “अव्वा, माझी पिशवी कुटं ठेवू?”

“ठेव की कुटंबी,” अव्वा म्हणाली. “तुझंच घर हाय.”

काशक्कानं एकदा आत बघितलं आणि पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.