टीव्हीवर दिसलेलं पाळणाघर

अकरा वाजत आले तरी पाळणाघरात सहाच मुलं होती. पटावर चोवीस. मी भेस्तानच्या एका साडी कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर आहे. बायकांच्या हजेरीपासून त्यांच्या मुलांच्या दुधापर्यंत सगळं माझ्याकडे. हजेरी पाहिली, तर मुलांच्या आया सगळ्या कामावर.

“साहेब, काल टीव्ही नथी जोयुं?” मुलं सांभाळणाऱ्या हंसाबेनने कालची क्लिप लावून मोबाइल पुढे केला.

एक लोकल चॅनेलवाला येऊन शूटिंग करून गेला होता. आला तो सकाळी, आया मुलांना सोडून कामावर जातात त्या ऐन वेळी. आई वळली की मूल रडतं, ती दिसेनाशी झाली की थोड्या वेळाने ठोकळे मांडून बसतं. त्याने रडणं तेवढं घेतलं. वर करुण संगीत, खाली पट्टी: ‘आई कामावर, बाळ कैदेत’. एक तज्ज्ञ सांगत होते, अशी मुलं मनाने खुंटतात. आमचं एकही मूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी चॅनेलवाल्याला फोन लावला. “दुपारी या. तेव्हा मुलं खेळतात, जेवतात.”

“साहेब, उसमें स्टोरी क्या है?”

मग उरलेली मुलं कुठे आहेत हे बघायला मी फोल्डिंग खात्यात गेलो. तिथे साड्यांनी भरलेली लोखंडी ट्रॉली आणून जमिनीवर उलटी करतात आणि बायका घड्या घालतात. हमाल रामआसरेने ट्रॉली कलती केली. साड्यांच्या ढिगातून पैंजण घातलेला एक पाय बाहेर आला.

“थांब!” मी ओरडलो. रामआसरेने अर्धी कलंडलेली ट्रॉली तशीच धरून ठेवली. आत सुनंदाबाईची दोन वर्षांची पोर गाढ झोपली होती.

सुनंदाबाई डिंडोलीत राहणारी, मूळ धुळ्याकडची. पाणी प्यायला गेली होती, ती धावत आली.

“अहो बाई, काय केलंत हे?”

“टीव्हीवर दखाडं ना भाऊ, पोरं कशी रडतंस. आठे मन्हा डोयासमोर तरी व्हती,” तिने ट्रॉलीकडे बोट दाखवलं.

खातं पालथं घातलं. एक मूल टेबलाखाली, एक इस्त्रीच्या गरम प्रेसच्या शेजारी. बाकीची घरी, शाळा बुडवलेल्या थोरल्या बहिणींच्या हवाली.

शेठ म्हणाले, “पाळणाघर बंद करी दो. बदनामी थाय छे.”

“मग शेठ, प्रत्येक ट्रॉली उलटी करण्याआधी तुम्ही स्वतः हात घालून बघायचं.”

शेठनी गवंड्याला बोलावलं. आठवड्याभरात पाळणाघराच्या भिंतीत काच बसली. बाहेरून आत दिसतं, आतून बाहेर नाही. नाहीतर आई दिसली की मुलं पुन्हा रडणार.

पहिल्या दिवशी सुनंदाबाई पोरीला सोडून डोळे पुसत काचेशी उभी राहिली. आत पोर दुसऱ्याचा ठोकळा हिसकावण्यात गुंग.

“माले तर इसरीच गई!” बाई जरा चिडूनच म्हणाली आणि कामाला लागली.

मुलं हळूहळू परत आली. दोन बायकांनी मात्र नोकरी सोडली ती सोडलीच. ती क्लिप अजून फिरते आहे. पाळणाघराची बातमी दिसली की मी हल्ली एवढंच विचारतो: कॅमेरा कधी आला, आणि कधी उठून गेला?