बाजारातला शेवटचा प्रोसेसर

दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या ताईंना सगळा रस्ता ‘पाटीवाल्या ताई’ म्हणूनच ओळखायचा. वडिलांच्या हाताखाली ब्रश धरून त्या हे काम शिकल्या. पुढे रंगाचे डबे मागे पडले आणि रंगीत विनाइलमधून अक्षरं कापणारं कटर मशीन आलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या ताईंनी तेही शिकून घेतलं. वडिलांच्या वळणाचं एकेक अक्षर त्यांनी कॉम्प्युटरवर काढून ठेवलं होतं. त्यामुळे वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाजारात नवी पाटी लागली की जुनी माणसं म्हणायची, “हात तोच आहे.”

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं वर्कशॉप. मधोमध रुंद टेबल, भिंतीला टेकून विनाइलचे रोल, खिडकीखाली कटर आणि त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर. ताईंचे यजमान बस चालवून रिटायर झाले होते. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला की ते आतून ओरडायचे, “अगं, इंजिन तापू दे. घाई केलीस तर बंद पडेल.”

एरवी हे चालून जायचं. पण मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काम घेऊन आल्या आणि पंचाईत झाली. “मुलं दारातूनच भोकाड पसरतात,” त्या म्हणाल्या. “आतल्या लांब भिंतीवर समुद्र करून द्या. मासे हवेत, भरपूर.”

ताईंनी हौसेने मासे काढायला घेतले. प्रत्येक माशाला खवले, प्रत्येक खवल्याची कड वेगळी कापायची. तिसऱ्या माशाच्या शेपटीपाशी कॉम्प्युटरने मान टाकली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. शेवटी ताईंनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात एका ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायची.

“आई, नवा घे बाई आता.”

“नव्याला माझ्या कटरची वायर लागते का?” ताईंनी विचारलं. “मागे तूच दिलेली मधली जोड-वायर लावून बघितली होती ना? केस कापणाऱ्याच्या पाटीवर कात्री कापायला सांगितली, तर खेकडा निघाला.”

मुलगी हसली. मग तिने आईकडून कॉम्प्युटरच्या आतल्या मदरबोर्डचा नंबर वाचून घेतला आणि थोड्या वेळाने परत फोन केला. “मेमरी ठीक आहे. प्रोसेसर कमी पडतोय. या बोर्डवर याहून खूप ताकदीचा एक प्रोसेसर बसतो. पण कंपनीने तो बनवणं बंद केलंय. दुकानांत पडून असतील तेवढेच. आता गेलीस तर मिळेल, पुढच्या वर्षी विचारशील तर लोक तोंडाकडे बघत बसतील.”

दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको कॉम्प्युटरच्या गल्लीत हजर. पहिल्या दुकानदाराने प्रोसेसरचं नाव ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आत रंगीत दिवे लुकलुकणारी नव्या कॉम्प्युटरची काचेची पेटी दाखवली.

“छान आहे,” यजमान म्हणाले. “पण यात मासे काढायचे की सोडायचे?”

ताईंनी त्यांना कोपराने ढोसलं आणि पुढचं दुकान गाठलं. तिथला माल नुकताच संपला होता. त्याच्या पुढच्याला तर तो कधीचा प्रोसेसर हेही आठवेना. पायांचे तुकडे पडायची वेळ आली, तेव्हा गल्लीच्या टोकाला जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक दुकानदार सापडला. काउंटरवर एक लॅपटॉप उघडून तो पंख्यातली धूळ फुंकत होता.

“एकच उरलाय,” तो म्हणाला.

“द्या मग.”

दुकानदाराने काउंटरखाली बोट दाखवलं. “माझ्याच मशीनमध्ये बसवलाय. शेवटचा आहे म्हटल्यावर विकवेना.”

ताईंनी वाकून बघितलं. पडद्यावर अर्धवट केलेलं बिल होतं आणि बिलाच्या मागे पत्त्यांचा डाव. “भाऊ, बिलं करायला आणि पत्ते पिसायला एवढी ताकद लागते होय?”

दुकानदार ओशाळला, पण जागचा हलेना. ताई दुकानाबाहेर गेल्या, वर बघून परत आत आल्या.

“तुमच्या पाटीवरचा ‘दु’ गळून पडलाय. ‘विक्री व रुस्ती’ वाचून गिऱ्हाईक रुसून जायचं. असं करू या. माझा प्रोसेसर तुमच्या मशीनला बसतो का बघा. तो तुम्ही घ्या, तुमचा मला द्या, वर नवी पाटी माझ्याकडून. अक्षरं अशी देईन की बस थांबवून लोक वाचतील.”

“बस कोणी थांबवायची नाही,” यजमान म्हणाले.

दुकानदाराने डोकं खाजवलं, दोन्ही बोर्डांचे नंबर ताडून बघितले आणि म्हणाला, “बसतो की. उद्या घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी त्याने आधी ताईंच्या बोर्डला नव्या प्रोसेसरची ओळख करून देणारी फाइल भरायला लावली. “एवढ्यात लाइट गेली तर बोर्ड कायमचा गेला,” असं त्याने सांगितल्यापासून यजमान भिंतीवरच्या बटणांसमोर हात पसरून उभे राहिले, कोणी चुकूनही तिकडे फिरकू नये म्हणून. ते काम पार पडलं. मग दुकानदाराने आपलं मशीन उघडलं आणि प्रोसेसरवरचा पंखा ओढला. उष्णता खेचायला दोघांमध्ये लावलेली पेस्ट वाळून दगड झाली होती. पंख्याबरोबर प्रोसेसरही चप्पकन उपटून वर आला आणि त्याचा एक कोपरा पेटीच्या कडेला घासला.

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. प्रोसेसरच्या पोटाखाली केसांएवढ्या पिनांच्या रांगा होत्या आणि कोपऱ्यातल्या तीन-चार पिना आडव्या झाल्या होत्या. “एक जरी तुटली तरी संपलं. दुसरा आणायचा कुठून? आणि माझी बोटं ही अशी जाडजूड.”

“सरळ करता येतात?” ताईंनी विचारलं.

“येतात. पण अगदी हळू. एका दमात नाही.”

ताईंनी पर्समधून चिमटा काढला. कापलेल्या अक्षरांच्या पोटातले बारीक तुकडे उचलायचा, टोकदार. “भिंग तुम्ही धरा. कुठे थांबायचं ते सांगत राहा.”

दुकानदाराने एका हातात भिंग आणि दुसऱ्यात दिवा धरला. “थोडी उजवीकडे. बास. आता रांगेतून बघा, शेजारणीच्या मागे लपली पाहिजे. अजून जराशी.” ताई श्वास रोखून पिनेला नुसतं टोक लावत होत्या, थांबत होत्या, पुन्हा लावत होत्या. यजमानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “घाटात बस वळवतानाही कधी अशी नजर फिरवली नव्हती,” ते पुटपुटले.

शेवटची पीन उभी राहिली. दुकानदाराने ताईंच्या बोर्डवरचा जुना काढून हा प्रोसेसर खाचेवर नुसता ठेवला, तो आपल्या वजनानेच आत बसला. नवी पेस्ट लावून त्यावर पंखा चढला. बटण दाबल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला, आणि मग उजळला. तिघांचाही जीव भांड्यात पडला. दुकानदार तर एवढा हसायला लागला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“आतून आवाज देऊ नका,” घरी कॉम्प्युटर लावताना ताईंनी यजमानांना बजावलं. पण आवाज द्यायला सवडच मिळाली नाही. बघता बघता मासे पडद्यावर आले. ताईंनी मग समुद्रात कासवं सोडली, झिंगे सोडले, एक भलामोठा देवमासा सोडला. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही.

दुकानदाराची पाटी त्यांनी आधी करून दिली, लालबुंद आणि ठसठशीत. त्याचं मशीन आता सावकाश उघडतं. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाशी गप्पा होतात, म्हणून त्याची काही तक्रार नाही.

दवाखान्याच्या भिंतीला ताई शिडीवर चढून शेवटचे मासे चिकटवत होत्या. यजमान खाली शिडी धरून होते. सगळा थवा डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे निघालेला, आणि एक छोटा पिवळा मासा उलटा, बाहेरच्या दाराकडे.

“अगं, हा एक चुकला,” ते म्हणाले.

“चुकला नाही,” ताई माशावरून कापड फिरवत म्हणाल्या. “त्याने सुई बघितलीय.”