चालत्या-बोलत्या इमारतीतलं यंत्र

वहिनी आणि मी एकाच घरात राहतो आणि एका विज्ञान संस्थेच्या एकाच इमारतीत नोकरी करतो, त्यामुळे तिच्यापासून मला सुटका अशी नाहीच. ती तळमजल्यावर प्रयोगशाळा सांभाळते, मी तिसऱ्या मजल्यावर ग्रंथालय. कुणी धातूचा तुकडा आणतो, कुणी काचेवरचा पातळ थर. वहिनी तो घासून, धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगा करते. पण हवा तसा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. नमुने परगावी जायचे, आणि तिथल्यांची कामं उरकली की मग आमचा विचार. लहान कॉलेजांतल्या मास्तरांना तर तेही नशिबी नव्हतं, ते हात हलवत परत जायचे. वहिनी त्यांना चहा पाजायची आणि ते गेले की कपबशा आपटायची.

शेवटी यंत्र मंजूर झालं. आयन-किरणांचा सूक्ष्मदर्शक. केसाच्या हजाराव्या भागाएवढी वस्तू तो दाखवतो, आणि दाखवता दाखवता त्याच किरणाने कापूनही देतो. मंजुरीच्या कागदावर ‘सर्वांसाठी सामायिक’ असं स्वच्छ लिहिलं होतं. पण आमच्या विभागप्रमुखांना यंत्र पलीकडे त्यांच्या इमारतीच्या तळघरात हवं होतं. तिथे दाराशी पहारा, आत जायला त्यांची परवानगी, आणि परवानगी द्यायला साहेब जागेवर सापडतील तर शपथ. वहिनीने आमच्या इमारतीतली फाटकाजवळची मोठी खोली सुचवली, कुणीही सरळ आत यावं अशी. संचालक म्हणाले, “खोली तपासणीत पास झाली तर यंत्र तुमच्याकडे. नाही झाली तर तळघरात.”

तपासणी म्हणजे जमिनीची थरथर मोजायची. यंत्र इतकं नाजूक, की शेजारून कुणी पाय आपटत गेलं तरी चित्र हलतं.

आमच्या इमारतीतल्या लोकांचा वहिनीवर जीव. त्यांनी तिला न सांगता कट केला. तपासणीच्या दिवशी लिफ्ट बंद, पंखे बंद, वर्ग रद्द. माणसं चपला हातात घेऊन चालत होती. मला निरोप आला की पुस्तकांची गाडी ढकलायची नाही. मी खुर्चीत मुकाट बसून राहिले, आणि मुकाट बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

आकडे इतके छान आले की कंपनीकडून आलेली इंजिनिअर पुन्हा पुन्हा उपकरण तपासू लागली. “इतकी शांत इमारत मी पाहिलीच नाही,” ती म्हणाली. वहिनीने कान टवकारले. जिन्याकडे पाहिलं, तर मी चपला हातात घेऊन उतरत होते.

“ताई, हे काय?”

“तुझ्यासाठीच,” मी म्हटलं.

वहिनी रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. “म्हणजे यंत्र आल्यावर सगळ्यांनी रोज असं श्वास रोखून बसायचं?”

“एकदा पास होऊ द्या, मग बघू,” शिपाई म्हणाला.

“आणि मग चित्र हलायला लागलं की? साहेब म्हणतील, दार सगळ्यांना उघडलं की हे असंच होतं. यंत्र उचलून नेतील.” ती इंजिनिअरकडे वळली. “मॅडम, हे आकडे खोडा. आम्ही लिफ्ट चालू करतो, माणसं वर-खाली करतील. मग मोजा.”

मी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेला घास असा कुणी टाकतं का?

लिफ्ट चालू झाली आणि आकडे बिघडले. ती त्या खोलीच्या भिंतीला लागूनच होती. विभागप्रमुख तोंडदेखले हळहळले. आनंद काही त्यांना लपवता आला नाही. कुणीतरी म्हणालं, लिफ्ट कायमची बंद करू. “दुसऱ्या मजल्यावरचे सर कुबड्यांवर चालतात,” वहिनी म्हणाली आणि तो विषय संपला.

इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टपासून सगळ्यात लांब, एक खोली होती. तिला बाहेरच्या व्हरांड्यातून वेगळं दार होतं. ती वहिनीचीच खोली. नमुने घासायची चाकं, धूर खेचणारं कपाट, मोठी मोरी, सगळं तिने भांडून भांडून मिळवलेलं. गंज धरू न देणाऱ्या एका पातळ थरावर ती तिथे स्वतःचं काम करत होती, कुणी न सांगता, कित्येक वर्षं.

“ती मोजा,” वहिनी म्हणाली.

मला इतका संताप आला की मी वर जाऊन पुस्तकांची गाडी दणादण फिरवली. लिफ्ट चालू होती, माणसं धावत होती. आकडे हलले नाहीत.

“तुम्ही कुठे बसणार?” संचालकांनी विचारलं.

“जिन्याखाली जागा आहे.”

घरी मी तिला फैलावर घेतलं. “स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास.”

“घेतला,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली, आणि मग सुरी ठेवून रडली. मला तिची कीव आली आणि अभिमानही वाटला. मी भाजी माझ्याकडे ओढली आणि चिरायला लागले.

यंत्र आलं. दाराबाहेरच्या फळ्यावर नावं लागू लागली. जो आधी लिहील त्याचा नंबर आधी, मग तो घरचा असो की बाहेरचा. लहान कॉलेजांतली माणसं आपले नमुने डब्यांत जपून आणत, आणि वहिनी त्यांच्यासोबत पडद्यासमोर बसे. स्वतःचं नाव तिने सगळ्यांच्या खाली लिहिलं.

“किल्ली तुझ्याकडे आहे. एखाद्या दुपारी टाक की तुझा तुकडा,” मी म्हटलं.

“नंबर आला की.”

नंबर आला त्या दिवशी दाराशी विभागप्रमुख उभे. “माझं तातडीचं आहे हो. तुम्ही काय, इथल्याच. उद्या करा, परवा करा.”

रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. वहिनीने आजवर खोली दिली, चाकं दिली, मोरी दिली. आता हेही देणार, मी मनात म्हटलं, आणि तिच्या वतीने भांडायला पुढे झाले.

तिने मला हाताने मागे सारलं.

“सर, आज माझा नंबर आहे,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.