तक्त्यावरची लाल पट्टी

मी जात्याच संशयी. दूधवाल्याने वेळेवर दूध घातलं तरी मला वाटतं, आज याचा काय डाव आहे? अशा माणसाला मध्यभारत राज्याच्या काळात इंदूरच्या एका बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून घेतलं, आणि वर तक्ता सांभाळायला दिला.

तक्ता हे आमच्या इंजिनियरसाहेबांचं खूळ. छत्रीबागेत शाळा बांधायची होती. पाया, भिंती, छत, प्रत्येक कामापुढे ते कुठल्या आठवड्यात सुरू होऊन कुठल्या आठवड्यात संपणार, तेवढी लांब निळी पट्टी मी आखली होती. दर शनिवारी ओव्हरसियर येऊन काम कुठवर आलं ते सांगत, आणि मी निळीखाली तेवढी लाल पट्टी ओढत असे.

ओव्हरसियर होळकरशाहीतले, माझ्या वडिलांच्या वयाचे. संस्थान विलीन झालं तरी नव्या सरकारात त्यांची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. शाळा मुदतीत उभी राहिली तर होईल, असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं.

त्यांची लाल पट्टी दर शनिवारी ठरल्या जागी येऊन थांबे. बोटभर पुढे नाही की मागे नाही. इंदुरात साधं लग्न मुहूर्तावर लागत नाही, आणि यांच्या भिंती तेवढ्या वेळेवर चढतात? कुठेतरी पाणी मुरत होतं. एका रविवारी कुणाला न सांगता सायकल काढली आणि छत्रीबाग गाठली.

भिंती पुऱ्या झाल्या होत्या. तक्त्यावर त्या अजून निम्म्याच होत्या. काम पंधरा दिवस पुढे आणि हा माणूस ते लपवतो! का लपवतो ते कळेना, म्हणून संशय आणखीच वाढला. सोमवारी साहेबांच्या कानावर घातलं आणि लाल पट्टी स्वतःच्या हाताने पुढे नेली. साहेब खूष. इतकं काम पुढे आहे म्हणताना त्यांनी निम्मे गवंडी दुसऱ्या इमारतीवर पाठवून दिले.

मग सिमेंट अडलं. तेव्हा ते परमिटवर मिळायचं. तीन आठवडे आलंच नाही, आणि आलं तेव्हा छत घालायला माणसं पुरेनात. शाळेची मुदत टळली. ओव्हरसियरांना घरी बसायचा हुकूम आला.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. सिमेंटचा भरवसा नसतो, म्हणून थोडं काम नेहमी हाताशी राखून ठेवायचं, ही त्यांची दरबारच्या वेळेपासूनची रीत. पुढे आहोत असं सांगितलं की वरचे साहेब माणसं उचलून नेतात, म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"एक बार विचारून तर बघायचं होतंस, भिया," ते म्हणाले. "तुझ्यापासून थोडीच लपवलं असतं."

चार महिने दर शनिवारी आम्ही समोरासमोर बसत होतो, आणि पट्टी कुठवर ओढू, याखेरीज मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.